संगणकाची 'रीजन' सेटिंग आणि मुलांची जन्मतारीख



मागे एकदा पहिलीच्या मुलांची यादी मी नवीन लॅपटॉपवर एक्सेलमध्ये भरत होते. एका मुलीची जन्मतारीख १२ जानेवारी २०१९. मी आपल्या सवयीप्रमाणे १२/०१/२०१९ टाईप केली. १५ जून २०२५ रोजीचं वय काढायचं सूत्र लावलं, तर वय आलं ५ वर्षे ६ महिने! खरं वय होतं ६ वर्षे ५ महिने. पुढच्याच ओळीत १३ जानेवारीचा मुलगा होता. तिथे तर वयाऐवजी एररच आली.

सूत्र बरोबर होतं. चुकली होती लॅपटॉपची सेटिंग.

असं का होतं?

संगणकात रीजनल फॉरमॅट 'इंग्लिश, युनायटेड स्टेट्स' असेल, तर तो आधी महिना आणि मग दिवस वाचतो. म्हणून १२/०१ म्हणजे त्याच्या दृष्टीने १ डिसेंबर. १३/०१ मध्ये तेरावा महिना नसतो, म्हणून एक्सेल त्याला तारीख न मानता साधा मजकूर समजतो. म्हणजे १३ ते ३१ तारखांची गडबड लगेच लक्षात येते, पण १ ते १२ तारखांची चूक डोळ्यांना दिसतच नाही.

एक खूण लक्षात ठेवा. खरी तारीख चौकटीत उजवीकडे सरकते, मजकूर डावीकडे राहतो. एकाच रकान्यात दोन्ही प्रकार दिसले की समजा, सेटिंग तपासायला हवी.

सेटिंग कशी बदलायची?

१. विंडोज ११ मध्ये स्टार्ट, सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन असे जा. विंडोज १० मध्ये शेवटी 'रीजन' असेल.
२. 'रीजनल फॉरमॅट' मध्ये 'इंग्लिश, इंडिया' निवडा. वरचा 'कंट्री' चा पर्याय वेगळा आहे. तिथे फक्त इंडिया निवडून तारखा सुधारत नाहीत.
३. एक्सेल बंद करून पुन्हा उघडा.

आता तारीख दिवस-महिना-वर्ष अशी वाचली जाईल. रकमेतले स्वल्पविरामही १,००,००० असे आपल्या लाखाच्या पद्धतीने येतील.

ही सेटिंग प्रत्येक लॉगिनला स्वतंत्र असते. शाळेच्या संगणकावर दोघांची दोन लॉगिन असतील तर दोन्हीकडे बदला. मराठी टायपिंगचा कीबोर्ड हीसुद्धा वेगळी गोष्ट आहे. मराठी टाईप होतंय म्हणून तारखाही बरोबर असतील असं धरून चालू नका.

जुन्या यादीचं काय?

सेटिंग बदलल्यावर आधीच्या चुका आपोआप सुधारत नाहीत. एक्सेल तारीख दिवसांच्या संख्येच्या रूपात साठवतो. त्या मुलीची चुकीची तारीख आता ०१-१२-२०१९ अशी दिसेल, पण राहील १ डिसेंबरच. त्यामुळे तारखा पुन्हा टाईप कराव्या लागतात. मग फॉरमॅट सेल्समध्ये 'लाँग डेट' निवडा. महिन्याचं नाव अक्षरात दिसलं की चूक लपत नाही.

आपल्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख अंकी आणि अक्षरी अशी दोन्ही लिहितात, ती याचसाठी. पुढे दाखल्यावर चुकीची तारीख गेली तर दुरुस्तीसाठी हेलपाटे पालकांनाच घालावे लागतात. म्हणून शिक्षकांनी यादी पुढे पाठवण्याआधी रजिस्टरशी ताडून पाहावी, आणि पालकांनीही सही करण्याआधी महिना एकदा नीट वाचावा.