मेंदूच्या आघातजन्य इजेचे तीव्रतामापन

अपघात, उंचावरून पडणे, मारहाण इ. कारणांनी डोक्यावर आघात होऊन मेंदूच्या कार्यात जो बिघाड होतो, त्याची तीव्रता ठरविण्याची पद्धती. बाहेरील जखमेवरून आतील इजेचा अंदाज येत नाही. डोक्याची कातडी बरीच फाटूनही मेंदू सुरक्षित असू शकतो. उलट बाहेर खूण नसताना कवटीच्या आत रक्तस्राव चालू असू शकतो. म्हणून मापन मुख्यत्वे शुद्धीच्या पातळीवरून करतात.

यासाठी ग्लासगो येथील ग्रेअम टीझडेल व ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेली ग्लासगो कोमा स्केल ही मापश्रेणी सर्वत्र वापरली जाते. तीत डोळे उघडणे (१ ते ४ गुण), बोलणे (१ ते ५) व हातापायांची हालचाल (१ ते ६) यांतील सर्वोत्तम प्रतिसाद नोंदवितात. एकूण गुण १३ ते १५ असल्यास इजा सौम्य, ९ ते १२ असल्यास मध्यम व ८ किंवा त्यांहून कमी असल्यास तीव्र मानतात. तीव्र इजेत श्वासमार्ग मोकळा राखणे हे पहिले कर्तव्य ठरते. एका डोळ्याची बाहुली विस्फारून प्रकाशाला प्रतिसाद देईनाशी झाल्यास कवटीतील दाब वाढल्याची शंका घेतात. आघातानंतरचा स्मृतिलोप एक दिवसाहून कमी टिकल्यास इजा सौम्य, तर सात दिवसांहून अधिक टिकल्यास तीव्र समजतात. मद्य, शामक औषधे, रक्तातील साखरेची वा रक्तदाबाची घट यांमुळे गुण फसवे ठरू शकतात. लहान मुलांसाठी बोलण्याचे निकष वेगळे असतात. रक्तस्रावाचे स्थान सीटी स्कॅनने कळते.

एकदाच केलेले मापन अपुरे असते. कवटी व मेंदूचे बाह्य आवरण यांमधील रक्तस्रावात रुग्ण प्रथम शुद्धीवर येऊन बोलतो आणि काही तासांत पुन्हा बेशुद्ध होतो. गोंदिया जिल्ह्यात याला विशेष महत्त्व आहे. तेथे २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तथापि देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव यांसारख्या दूरच्या तालुक्यांतील जखमीस आधी जवळच्या रुग्णालयात, मग गोंदियास व गरजेप्रमाणे नागपूरला न्यावे लागते. प्रत्येक टप्प्यावर डॉक्टर बदलतात. शेवटच्या ठिकाणी आढळलेले ११ गुण एरवी मध्यम इजा दर्शवितात. परंतु दोन तासांपूर्वी ते १४ होते हे कळल्यास तातडीच्या शस्त्रक्रियेची शक्यता लक्षात येते. यासाठी तिन्ही घटकांचे गुण स्वतंत्रपणे, वेळेसह लिहून ती नोंद रुग्णासोबत पाठविणे आवश्यक असते.