डोंगराची ओढ आणि माणसांतली वाट

श्रोतेहो, डोलवीला खाडीच्या बाजूस उभे राहिले म्हणजे एकीकडे पोलाद कारखान्याची धुराडी दिसतात, तर पूर्वेला डोंगरांची निळसर रांग. रातपाळी संपवून निघालेला कामगार तिकडे पाहतो नि मनाशी म्हणतो, "चार दिवस तिथं जाऊन राहावं. माणूस पालटेल." ही ओढ काही खोटी नव्हे. पण डोंगर-तळ्यांनी माणूस खरोखर पालटतो काय? याचे उत्तर आपल्याच पेण तालुक्यातील एका मुलाच्या चरित्रात मिळते.

डोंगरांच्या कुशीतले गागोदे हे त्याचे गाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे, म्हणजे आपले विनोबा, तिथे जन्मले. लहानपण या डोंगरांत गेले. पुढे शिक्षण बडोद्यास झाले. मनात दोन वेडे होती : एक हिमालयातल्या शांतीचे, दुसरे बंगालमधल्या क्रांतीचे. शाळेची प्रमाणपत्रे त्यांनी आईच्या देखत चुलीत घातली. १९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी ते मुंबईच्या गाडीत बसले, ते मधेच सुरतेला उतरले नि थेट काशीला गेले. हिमालयाची वाट तिथून पुढे होती.

पण ते हिमालयात गेलेच नाहीत! काशीत गांधीजींचे भाषण वृत्तपत्रात वाचले, पत्रे लिहिली, आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळ कोचरबच्या आश्रमात ते दाखल झाले. गांधीजी तेव्हा भाजी चिरीत होते. त्यांनी या तरुणाच्या हातीही सुरी दिली. पहिला धडा मिळाला तो हा! शांती आणि क्रांती दोन्ही आपल्याला गांधीजींपाशी लाभली, असे विनोबा पुढे सांगत.

म्हणजे डोंगराने ओढ लावली. पालट घडला तो माणसांत, कामात. हे काम किती लांब गेले पाहा. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीस भूमिहीनांनी ८० एकर जमीन मागितली, तेव्हा रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. भूदानाचा आरंभ झाला तो तिथे. मग विनोबा वर्षानुवर्षे गावोगाव पायी हिंडले.

आज पेण तालुक्यातच भोगेश्वरी नदीवर हेटवण्याचे धरण आहे. डोंगरांचे पावसाळी पाणी तिथे साठते, पण तिथेच राहत नाही. नळांतून नवी मुंबईच्या घरांपर्यंत जाते. साठवायचे ते वाहते करण्यासाठीच.

तेव्हा, मंडळी, सुट्टीच्या दिवशी डोंगराकडे जरूर जावे. पाण्याकाठी घटकाभर गप्प बसावे. मात्र परतताना एखादे काम मनाशी नेमून यावे : शेजारच्या मुलाचा अभ्यास घेणे असो, व्यसन सोडणे असो, की घरात भाजी चिरणे असो. सोमवारी पाळीवर जाताना ते काम आपल्याबरोबर असेल, तर डोंगर आपल्याला खरा भेटला असे समजावे.