फुलोरा ओसरल्यानंतर घरातील ऑर्किडची निगा

लोणार तालुक्यातील सुलतानपूर व आसपासची गावे कापूस, तूर आणि सोयाबीन ह्यांची. ऑर्किड हे येथील पीक नव्हे. तरीही भेट म्हणून मिळालेली अथवा शहरातील रोपवाटिकेतून आणलेली ऑर्किडची कुंडी आता खेड्यातील घरातही अधूनमधून दृष्टीस पडते. दोन-तीन महिने फुले टिकतात, मग ती एकेक गळतात, आणि रोप मेले असे समजून ते उकिरड्यावर टाकले जाते. वस्तुतः फुले गळणे हा त्या वनस्पतीच्या जीवनक्रमातील एक टप्पा होय. निरोगी रोप योग्य निगा राखल्यास कित्येक वर्षे पुनःपुन्हा फुलते.

बाजारात बहुधा फॅलेनॉप्सिस ह्या जातीची रोपे मिळतात. पतंगाच्या पंखांसारखी पसरट फुले व बुंध्याशी चार-सहा रुंद, मांसल पाने ही तिची खूण. आग्नेय आशियातील दमट अरण्यांत ती झाडांच्या खोडांवर वाढते. तिची मुळे मातीत शिरत नाहीत. त्यांच्यावर स्पंजासारखे आवरण असते आणि ते पावसाचे पाणी शोषून घेते. हे एवढे ध्यानी धरले म्हणजे पुढील बहुतेक सूचनांचे कारण आपोआप उलगडते. काळ्या मातीत लावलेले ऑर्किड गुदमरून कुजते, त्यात नवल नाही.

फुले संपल्यावर प्रथम फुलदांड्याकडे पाहावे. तो पिवळा पडून वाळला असल्यास बुंध्याजवळून कापावा. तो हिरवा असल्यास खालून दुसऱ्या किंवा तिसऱ्या डोळ्याच्या वर कापला असता त्या डोळ्यातून पुन्हा फुटवा येऊन थोडी फुले मिळू शकतात. पुष्कळ पुस्तकांत हाच उपाय सांगितलेला असतो. परंतु आपल्या भागात फुलोरा फेब्रुवारी-मार्चमध्ये ओसरला तर पुढे चाळीस अंशांवरचा उन्हाळा उभा असतो. अशा वेळी रोपाकडून दुसरा बहर उपटून घेणे शहाणपणाचे नाही. दांडा बुंध्यापासून काढून टाकावा व रोपाची शक्ती पाने आणि मुळे ह्यांच्याकडे वळू द्यावी. कापण्यापूर्वी पाते ज्योतीवर धरून निवू द्यावे, म्हणजे एका रोपाचा रोग दुसऱ्यास लागत नाही. डेंड्रोबियम जातीत मात्र केवळ वाळलेला फुलदांडाच कापावा. तिची जुनी, पर्णहीन कांडे निरुपयोगी दिसली तरी त्यांत अन्नसाठा असतो.

कुंडी बदलण्याचे काम फुलोऱ्यानंतर करावे हा सर्वसाधारण नियम खरा, पण येथे भर उन्हाळ्यात ते करू नये. भरण कुजून आंबूस वास येत असेल तरच त्वरा करावी. एरवी मृगाच्या सरी येऊन हवा दमट होईपर्यंत थांबावे. दीड-दोन वर्षांतून एकदा कुंडी बदलणे पुरे होते. लाकडी कोळशाचे व विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे लहान तुकडे असे भरण चालते. सोडण दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून त्यातील क्षार काढून टाकावेत. काळी, पोकळ, मऊ झालेली मुळे कापावीत. रुपेरी व टणक मुळे राखावीत. कुंडीला बाजूने व तळाशी भोके हवीत.

पाणी किती द्यावे, हे मुळेच सांगतात. ती रुपेरी दिसली म्हणजे तहानलेली, हिरवी दिसली म्हणजे तृप्त. पाणी सकाळी द्यावे, खाली निथळून जाऊ द्यावे आणि पानांच्या मध्यभागी साचू देऊ नये, कारण तेथूनच सड सुरू होते. विहिरीच्या जड पाण्याने मुळांवर पांढरा थर चढतो, म्हणून पत्र्याच्या पन्हाळीचे पावसाळी पाणी साठवून वापरल्यास उत्तम. उन्हाळ्यात कुंडीखाली खडी व पाणी घातलेले परात ठेवावे. मात्र कुंडीचा तळ पाण्यास टेकू नये. खिडकीला ओले गोणपाट टांगल्यास झळ बरीच सौम्य होते. ठिबकसाठी आणलेले १९:१९:१९ विद्राव्य खत घरी असतेच. ते लिटरला अर्धा ग्रॅम एवढेच, पंधरवड्यातून एकदा द्यावे. कपाशीच्या हिशेबाने मूठभर घातले तर मुळे जळतील.

प्रकाश भरपूर पण गाळलेला हवा. पाने गर्द हिरवी होऊन लोंबू लागली तर उजेड कमी पडतो; तांबूस किंवा पिवळट झाली तर ऊन अधिक होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रात्री थंड होऊ लागल्या म्हणजे कुंडी काही आठवडे ओसरीवर ठेवावी. रात्रीचा हा गारवाच नव्या फुलदांड्यास चालना देतो, आणि ती देणगी आपल्या हवामानात फुकट मिळते. कडाक्याच्या थंडीत पारा बारा अंशांच्या खाली जाऊ लागताच कुंडी आत घ्यावी.

ग्रामसेवक बंधूंनी ह्याच निमित्ताने आणखी एक गोष्ट गावकऱ्यांच्या नजरेस आणावी. विदर्भात आंबा, मोह आदी जुन्या झाडांवर वांदा नावाचे देशी ऑर्किड वाढते. त्याची पाने चिवट व पन्हाळीसारखी, फुले पिवळसर-तपकिरी चौकटींची आणि ओठ निळसर जांभळा असतो. बांडगूळ समजून त्याची सरसकट छाटणी होते. बांडगुळाची मुळे यजमान झाडाच्या लाकडात शिरून रस ओढतात. वांद्याची मुळे सालीवर नुसती चिकटून असतात व झाडाचे काही खात नाहीत. त्याचे बी धुळीसारखे बारीक असून विशिष्ट बुरशीच्या मदतीवाचून रानात रुजत नाही, त्यामुळे एक झुपका तोडल्यावर दुसरा यावयास फार वर्षे लागतात. घरी लावण्यासाठीही तो रानातून उपटू नये. लोणार सरोवराचा परिसर तर २००० सालापासून अभयारण्य आहे व तेथील वनस्पती विनापरवाना आणणे गुन्हा ठरते. आंब्यावरील खरे बांडगूळ मात्र फळे धरण्यापूर्वी, ते चिकटले असेल त्या जागेच्या सुमारे एक फूट खालून फांदीसह कापावे, कारण त्याच्या चिकट बिया पक्षी दुसऱ्या फांद्यांवर नेऊन लावतात.