मुद्दल राखलेले अरण्य

हिमाच्छादित पर्वत, घनदाट वर्षावन आणि वस्तीविरहित सागरकिनारा ही तिन्ही रूपे अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानात एकत्र नांदतात. एल्क हरणांच्या रक्षणार्थ १९०९ मध्ये या भूमीस संरक्षण लाभले. मात्र १९१५ मध्ये ते क्षेत्र जवळपास निम्म्याने घटविण्यात आले. अखेर १९३८ मध्ये राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले.

होहच्या वर्षावनात वर्षाकाठी सुमारे साडेतीन मीटर पाऊस पडतो. तेथे उन्मळलेला वृक्षही वाया जात नाही. त्याच्याच खोडावर नवी रोपे रुजतात.

प्रवासासाठी जुलै-ऑगस्टचे कोरडे दिवस उत्तम. किनाऱ्यावर मात्र भरती-ओहोटीच्या वेळा पाहूनच चालावे.

तोडलेल्या वृक्षांचे मोल एकदाच मिळाले असते. मुद्दल शाबूत राहिले, म्हणूनच आजची पिढी त्या सावलीत उभी राहू शकते.