पॅराबोला चार सूत्रांत मावत नाही

बीड असो, केज असो की अंबाजोगाई, अकरावीच्या मुलांना पॅराबोलाच्या धड्यावर एकच सल्ला मिळतो: ‘चार सूत्रं पाठ कर, समीकरण काढत बसू नको.’ पुढे शिकवणीसाठी लातूर गाठणारी मुलंही हाच सल्ला सोबत नेतात. हा सल्ला नुकसानीचा आहे आणि तो ऐकून आता वीट आला आहे.

गैरसमज : पॅराबोला म्हणजे ‘वाय स्क्वेअर इज इक्वल टू फोर ए एक्स’.

वस्तुस्थिती : हे एका विशिष्ट मांडणीचं समीकरण आहे. शिरोबिंदू आरंभबिंदूवर आणि फोकस क्ष-अक्षाच्या धन बाजूला असेल, तरच ते लागू पडतं. व्याख्या वेगळी आहे: फोकस नावाच्या बिंदूपासून आणि डायरेक्ट्रिक्स नावाच्या रेषेपासून सारख्याच अंतरावर असलेल्या सगळ्या बिंदूंचा संच म्हणजे पॅराबोला. बाकी सारं यातूनच निघतं.

फोकस (२, ३) आणि डायरेक्ट्रिक्स य = −१ घ्या. (क्ष, य) या बिंदूची दोन्ही अंतरं समान लिहून वर्ग केला की:

(क्ष − २)² + (य − ३)² = (य + १)²

(य − ३)² उजवीकडे नेऊन सोडवलं की उरतं:

(क्ष − २)² = ८(य − १)

दोन ओळींत काम झालं. शिरोबिंदू (२, १), म्हणजे फोकस आणि डायरेक्ट्रिक्सच्या बरोबर मध्ये.

आता डायरेक्ट्रिक्स तिरपी घेऊ: क्ष + य = ०, आणि फोकस (१, १). पाठ केलेल्या चारपैकी एकही सूत्र इथे चालत नाही. व्याख्या मात्र चालते:

(क्ष − १)² + (य − १)² = (क्ष + य)² ÷ २

सोडवल्यावर मिळतं:

क्ष² − २क्षय + य² − ४क्ष − ४य + ४ = ०

पडताळून पाहा. (२, ०) हा बिंदू समीकरणात बसतो. त्याचं फोकसपासूनचं अंतर √२, रेषेपासूनचंही √२. ‘क्षय’ हे पद दिसताच ‘हा पॅराबोला नाही’ म्हणणाऱ्यांनी पहिली तीन पदं नीट बघावीत: तो (क्ष − य)² हा पूर्ण वर्ग आहे. पॅराबोलाच्या समीकरणात दुसऱ्या घाताची पदं नेहमी अशीच पूर्ण वर्गात बसतात.

आणखी काही गैरसमज

*फोकस वक्रावरच असतो.* नाही. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. त्यांचे ग्राहक डिशच्या पृष्ठभागापासून वर, फोकसपाशी धरलेले असतात.

*दोन खांबांमधली लोंबती तार पॅराबोला असते.* झोळ कमी असेल तर जवळपास तशी दिसते, पण तो वक्र वेगळा. १६९१ मध्ये हायगेन्स, लायब्निझ आणि योहान बर्नोली यांनी तो शोधून दाखवला.

*वीजकेंद्राच्या कूलिंग टॉवरची बाजू पॅराबोला असते.* परळीच्या मुलांना वीजकेंद्र नवं नाही. म्हणून सांगतो, कमरेत आवळलेल्या त्या उंच टॉवरची कड हायपरबोलाची असते.

*कोणताही बिंदू आणि कोणतीही रेषा घेतली तरी चालते.* बिंदू रेषेवरच असेल तर पॅराबोला नव्हे, सरळ रेषा मिळते.

मुलांनो, सूत्रं जरूर पाठ करा, पण आधी निदान एकदा ती स्वतः काढा. शिक्षकांनी आणि शिकवणीवाल्यांनी त्यासाठी एक तास द्यावा. सूत्र विसरलं तरी व्याख्येवरून ते पुन्हा मिळवता येतं.