एकाची नोकरी आणि आठ जणांचे घर

गेल्या सुगीच्या दिवसांत आपल्या भागातील एका घरी भेट देण्याचा प्रसंग आला. दोघे भाऊ. थोरला शेती पाहतो, धाकटा गोव्यात केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नोकरीला. मळणी चालू असता थोरल्याच्या छातीत दुखू लागले. त्याला शहरातील मोठ्या इस्पितळात नेले, हृदयाच्या तुंबलेल्या नळ्यांत दोन स्टेंट बसवावे लागले. जीव वाचला, ही देवाची कृपा. पण बिल दोन लाखांच्या घरात गेले, आणि ते भरण्यासाठी काजूची बाग गहाण पडली.

घरचे सगळे एकच म्हणत होते, "धाकट्याला सरकारी नोकरी आहे, त्याचे कार्ड चालेल." कार्ड चालले नाही. भावाच्या कार्डावर लग्न झालेला, कमावता भाऊ येत नाही. थोरल्याचे स्वतःचे बीपीएल रेशनकार्ड ट्रंकेत पडून होते. त्यावर उपचार मिळू शकले असते, पण ते बाहेर काढण्याचे त्या धावपळीत कोणालाही सुचले नाही.

आपल्याकडे कित्येक घरांत असेच आहे. एक मुलगा किंवा सून शाळेत, टपालात, रेल्वेत, सैन्यात किंवा तालुका कचेरीत असते आणि बाकीचे शेती करतात. चूल एक असते, म्हणून आपण सर्वांना एक कुटुंब समजतो. सरकारी नियमात मात्र 'कुटुंब' या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. आरोग्याची योजना निवडताना पहिली चूक येथेच होते.

आधी माणसे मोजा

वहीचे एक पान घ्या. घरातील प्रत्येकाचे नाव, वय, जुना आजार आणि तो नोकरदाराचा कोण लागतो, हे लिहा. सर्वसाधारणपणे सरकारी योजनेत नोकरदार, त्याची पत्नी किंवा तिचा पती, अवलंबून असलेली मुले आणि अवलंबून असलेले आई-वडील एवढे येतात. केंद्राच्या योजनेत मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत, किंवा त्याआधी कमावता झाला वा त्याचे लग्न झाले तर तोपर्यंतच धरला जातो. अपंग मुलास वयाची अट नाही. सज्ञान भाऊ, वहिनी, पुतणे यांच्या नावापुढे फुली मारा. त्यांची सोय निराळी करावी लागेल.

नोकरी कोणाची?

केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९५४ साली दिल्लीत सुरू झालेली सीजीएचएस ही योजना आहे. पगाराच्या श्रेणीनुसार दरमहा २५० ते १००० रुपये कापले जातात. जेथे ही योजना नाही, तेथील नोकरांना १९४४ च्या वैद्यकीय नियमांप्रमाणे खर्चाची परतफेड मिळते. म्हणजे पैसे आधी आपण भरायचे, मग कागद पाठवायचे. यासाठी हाताशी थोडी रक्कम असावी लागते.

कर्नाटक राज्य सरकारच्या नोकरांसाठी १ ऑक्टोबर २०२५ पासून 'आरोग्य संजीविनी' योजना सुरू झाली. त्यात नोकराच्या गटाप्रमाणे दरमहा २५० ते १००० रुपये कापून, ठरलेल्या इस्पितळांत रोख न भरता उपचार मिळतात. पती-पत्नी दोघेही नोकरीत असतील तर कोणाच्या नावावर नोंद करायची, हे कार्यालयात विचारून ठरवावे.

निवृत्त सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस आहे. बेळगाव परिसरात सैनिकांची घरे पुष्कळ, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आणखी एक सावधगिरी. सरकारी कचेरीत काम करणारा प्रत्येक जण सरकारी नोकर नसतो. ठेकेदारामार्फत लागलेल्या मुलांनी आपल्या पगाराची पावती पाहावी. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि त्यातून ईएसआयची रक्कम कापली जात असेल, तर त्या योजनेचा लाभ त्यांच्या घराला आहे. कापली जात नसेल तर का नाही, हे विचारण्याचा त्यांना हक्क आहे.

आई-वडिलांचा प्रश्न

शेतकरी घरात खरी अडचण येते ती येथे. सीजीएचएसमध्ये आई-वडील 'अवलंबून' ठरण्यासाठी त्यांचे मासिक उत्पन्न ९,००० रुपये अधिक त्यावरील महागाई भत्ता, या मर्यादेच्या आत असावे लागते. हे उत्पन्न सर्व मार्गांचे धरतात, त्यात पेन्शन आले आणि शेतीचे उत्पन्नही आले. ऊसजमीन अजून वडिलांच्या नावावर असेल, तर ते मर्यादेत बसतात की नाही हे आधी पाहा. खोटा दाखला जोडू नका. ते उघडकीस आले तर उपचाराचे पैसे परत द्यावे लागतात आणि नोकरीवरही बालंट येते.

दुसरी गोष्ट, स्वतःचे आई-वडील किंवा सासू-सासरे, या दोन जोड्यांपैकी एकच जोडी घेता येते. नोकरी करणाऱ्या सुनेच्या घरी हा प्रश्न नाजूक होतो. त्यावर भांडण्यापेक्षा कोणत्या जोडीला दुसरा आधार नाही, कोणाला जुना आजार आहे, हे दोन्ही घरांनी एकत्र बसून पाहावे. उरलेल्या जोडीसाठी खाजगी विम्याचा हप्ता दोघांनी मिळून भरावा.

उरलेल्यांसाठी काय?

आपल्या राज्यात 'आयुष्मान भारत - आरोग्य कर्नाटक' योजना आहे. बीपीएल रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल कार्ड असेल तर ठरलेल्या दराच्या ३० टक्के रक्कम सरकार देते, वर्षाला दीड लाखापर्यंत. पण आणीबाणी नसेल तर आधी सरकारी इस्पितळात जावे लागते आणि तेथून पत्र घेऊन मग खाजगी इस्पितळात. हा क्रम चुकला की पैसे मिळत नाहीत.

सहकारी संस्थेच्या सभासदांसाठी 'यशस्विनी' ही योजना २००३ साली सुरू झाली, मधल्या काळात बंद पडली आणि २०२२ मध्ये सरकारने तिला पुन्हा चालना दिली. आपल्या सोसायटीच्या सचिवाला नोंदणीची मुदत विचारा. घरात सरकारी नोकर असताना थोरल्या भावाचे कुटुंब त्यात बसते का, हेही त्याच वेळी स्पष्ट विचारून घ्या.

खाजगी विमा घेताना

ज्यांना यातले काहीच लागू नाही, त्यांना खाजगी विमा घ्यावा लागेल. तेव्हा एजंटाच्या गोड बोलण्यापेक्षा पुढील गोष्टी पाहा.

१. म्हाताऱ्यांचा विमा वेगळा. एकत्र कुटुंबाच्या पॉलिसीत हप्ता सर्वांत मोठ्या वयाच्या माणसावरून ठरतो. शिवाय एकाच्या आजारात सगळी रक्कम संपली, तर वर्षभर इतरांना काही उरत नाही.

२. जुना आजार सांगा. मधुमेह, रक्तदाब, दारू, तंबाखू यांपैकी काहीही लपवू नका. १ एप्रिल २०२४ च्या नियमांप्रमाणे जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबावे लागते. तीन वर्षे थांबणे परवडले, लपवल्यामुळे ऐन वेळी विमा नाकारला जाणे परवडत नाही. अपघाताला मात्र पहिल्या दिवसापासून संरक्षण असते.

३. खोलीच्या भाड्याची मर्यादा. समजा, पॉलिसीत दिवसाला ३,००० रुपये मर्यादा आहे आणि आपण ६,००० रुपयांची खोली घेतली. कंपनी फक्त खोलीचे पैसे कापून थांबत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेचा खर्च अशा बाबीही निम्म्यावर आणते. म्हणून दाखल होतानाच मर्यादेतली खोली मागा.

४. वरचा विमा. नोकरीची योजना अपुरी वाटत असेल तर 'सुपर टॉप-अप' घेता येतो. वर्षाचा खर्च ठरावीक रकमेपर्यंत, समजा ३ लाखांपर्यंत, आपण किंवा पहिल्या योजनेने सोसायचा, त्यापुढचा ही पॉलिसी देते. त्यामुळे हप्ता बराच कमी पडतो.

५. हप्त्याची वेळ. काजूचे किंवा उसाचे पैसे हातात येतात त्या महिन्यात पॉलिसी सुरू करा. जून महिन्यात बियाणे-खतात पैसा गुंतलेला असतो, तेव्हा हप्ता चुकतो आणि थांबून मोजलेली वर्षे वाया जातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही माफ झाला आहे, म्हणून पावती नीट वाचा.

शेवटी

वर सांगितलेले वहीचे पान या रविवारी दुपारी, सगळे घरी असताना लिहा. प्रत्येक नावापुढे कोणते कार्ड, ते कोणत्या इस्पितळात चालते आणि कोणाला फोन करायचा, एवढे लिहून रेशनकार्डाच्या प्रतीबरोबर ते भिंतीवर लावा. ज्या नावापुढे जागा रिकामी राहील, त्या माणसाची सोय पुढच्या सुगीआधी करा. बहुतेक घरांत ती रिकामी जागा शेतात राबणाऱ्या थोरल्याच्याच नावापुढे निघते, आणि त्याच्याच कष्टांवर धाकटा शिकून नोकरीला लागलेला असतो.