लाख कोटींचा भार, मूठभर माणसं

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला ‘जेवलास का?’ हा निरोप अँड्रॉइड फोनमध्ये कुठेतरी साठवून ठेवावा लागतो. ते काम करणारा कोड व्हॉट्सअ‍ॅपने स्वतः नव्याने लिहिलेला नाही. त्यासाठी एसक्यूलाइट हा तयार डेटाबेस आहे. आयफोनमधले मेसेज, क्रोममधली हिस्टरी, फायरफॉक्समधले बुकमार्क, सगळं त्याच्यातच. एअरबस ए३५० या विमानातही तो आहे.

एका स्मार्टफोनमध्ये एसक्यूलाइटच्या शेकडो फायली असतात आणि जगात असे फोन अब्जावधी. त्यामुळे वापरात असलेले एसक्यूलाइट डेटाबेस एक लाख कोटींच्या वर असावेत, असा तो बनवणाऱ्यांचाच अंदाज आहे. एकावर बारा शून्यं! सेकंदाला एक या वेगाने, न झोपता मोजत बसलं तर ३१ हजारांहून जास्त वर्षं लागतील. आणि हे सगळं सांभाळणारी मुख्य माणसं? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

दुसऱ्याने लिहिलेला तयार भाग असा वापरण्याची कल्पना जुनीच. १९६८ साली जर्मनीत गार्मिश इथे भरलेल्या सॉफ्टवेअरविषयीच्या परिषदेत संगणकतज्ज्ञ डग्लस मॅकिलरॉय यांनी मागणी केली होती, की सॉफ्टवेअरचेही सुटे भाग तयार मिळावेत, यादीतून निवडावेत आणि जोडावेत. ती मागणी पूर्ण झाली, तीही कल्पनेपलीकडे. जावास्क्रिप्टच्या एनपीएम या एकाच भांडारात आज २० लाखांहून जास्त भाग आहेत. त्यातला ‘लेफ्ट-पॅड’ जेमतेम ११ ओळींचा. मजकुराच्या डाव्या बाजूला शून्यं किंवा मोकळ्या जागा भरायच्या, एवढंच त्याचं काम. मार्च २०१६ मध्ये त्याच्या लेखकाच्या दुसऱ्याच एका भागाच्या नावावरून वाद झाला आणि लेखकाने आपले सगळे भाग भांडारातून काढून घेतले. त्यासरशी जगभरातल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी अडली. बहुतेकांनी लेफ्ट-पॅड स्वतः निवडलेलाही नव्हता. त्यांनी घेतलेल्या भागाने दुसरा भाग घेतला होता, त्याने तिसरा, आणि तळाशी या ११ ओळी. शेवटी भांडार चालवणाऱ्यांना काढलेला कोड परत ठेवावा लागला.

एसक्यूलाइटवर मात्र मी निर्धास्तपणे विसंबतो, ते त्याच्या चाचण्यांमुळे. मूळ कोड सुमारे दीड लाख ओळींचा आणि तो तपासणारा कोड नऊ कोटींहून जास्त ओळींचा, म्हणजे जवळपास ५९० पट! फोनची मेमरी ऐन वेळी संपली तर काय होईल, हे ते कसं तपासतात बघा. एकच काम पुन्हा पुन्हा चालवायचं. पहिल्या फेरीत मेमरीची पहिलीच मागणी मुद्दाम नाकारायची, दुसऱ्या फेरीत दुसरी, मग तिसरी, आणि एकही मागणी न नाकारता काम पार पडेपर्यंत हे चालू ठेवायचं. प्रत्येक नकारानंतर डेटाबेस धड आहे ना, तेही पाहायचं. वाचतानाच दमायला होतं. पण आपले फोटो, हिशेब आणि निरोप शाबूत राहतात ते या चिकाटीमुळे, असं मी मानतो.

२०५० पर्यंत एसक्यूलाइट सांभाळायचा, असं तो बनवणारे रिचर्ड हिप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केलं आहे. त्याचा कोड कुणीही फुकट वापरू शकतं. तरीही काही मोठ्या कंपन्या नियमित वर्गणी देऊन हे काम चालू ठेवतात. लेफ्ट-पॅडसारख्या हजारो छोट्या भागांच्या लेखकांना मात्र असा आधार क्वचितच मिळतो. त्यांच्या कोडवर धंदा उभा करणाऱ्या कंपन्यांनी निदान आपण कुणाकुणाचे भाग वापरतो, याची पूर्ण यादी तरी करावी आणि त्या यादीतल्या माणसांना पैसे द्यावेत.